निर्णयक्षमतेचा तास कसा घ्यावा: नवशिक्या शिक्षकांसाठी

नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाच्या गळ्यात स्नेहसंमेलन, सहल आणि ‘जीवनकौशल्ये’ ही तिन्ही सहसा एकाच आठवड्यात पडतात. पहिल्या दोन गोष्टींना इलाज नाही. तिसरीसाठी हे मार्गदर्शन.

घाबरायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा जीवनकौशल्यांची यादी १९९०च्या दशकातच करून ठेवली आहे. समस्या सोडवणं आणि निर्णय घेणं ही दोन्ही तिच्यात आहेत. डी.एड.ला असताना टाचणाच्या एका रकान्यात तुम्ही ती निमूटपणे उतरवूनही काढली असतील. आता तोच रकाना ३५ मिनिटं पुरवायचा आहे.

साहित्य: फळा, खडू, चार्ट पेपर आणि मोबाइल. मोबाइल फोटोसाठी. उपक्रम झाला की नाही हे फोटोवरून ठरतं. म्हणून आधी तारीख सुवाच्य लिहा, मुलांना गोलात बसवून ‘गटचर्चा’ करायला लावा, फोटो काढा आणि मग तास सुरू करा. क्रम उलटा नको. मुलं खरंच चर्चा करू लागली की फोटो हलतो.

आता पद्धत. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञानं १९४५ साली ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या: प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती पार पाडा, मागे वळून उत्तर तपासा. यातल्या पहिल्या आणि चौथ्या पायरीला आपल्याकडे वेळ नसतो. भूमितीत ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ पुस्तकातून जसंच्या तसं उतरलं की प्रश्न समजला, आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या की तपासून झालं.

असं केल्यानं काय होतं ते फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या गणित-शिक्षण संस्थेनं १९८०च्या सुमारास पाहून ठेवलं आहे. त्यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांवरूनच वय काढून दिलं. मुलांनी डोकं चालवलं नाही असं मात्र म्हणू नका, चांगलं पद्धतशीर चालवलं असणार. बाईंनी विचारलंय, म्हणजे उत्तर आहेच. आकडे दोनच दिलेत, म्हणजे तेच वापरायचे. गुणाकार २६०, एवढं कोणी जगत नाही. वजाबाकी १६, त्याला जहाज कोण देईल? म्हणजे ३६. हा प्रश्न आपल्या वर्गात जरूर घाला. फक्त शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर बाहेर गेलेत हे आधी पाहा.

निर्णयासाठी बेंजामिन फ्रँकलिनचा कागद घ्यावा. १७७२ साली जोसेफ प्रीस्टलीला लॉर्ड शेलबर्नकडची नोकरी पत्करावी की नाही असा पेच पडला होता. काय ठरवायचं ते फ्रँकलिननं सांगितलं नाही, कसं ठरवायचं तेवढं पत्रानं कळवलं. कागदाच्या मधोमध रेघ मारा, तीन-चार दिवस जसं सुचेल तसं एका बाजूला अनुकूल आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल मुद्दे लिहा. मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडा. एकीकडचे दोन दुसरीकडच्या तिनांएवढे भरले तर पाचही खोडा. उरेल ते पाहून ठरवा. प्रीस्टलीनं नोकरी धरली, आणि १७७४ साली शेलबर्नच्याच वाड्यात त्याला तो वायू सापडला ज्याला आपण ऑक्सिजन म्हणतो.

दहावीच्या वर्गात हा कागद ‘अकरावीला कुठली शाखा?’ या विषयावर भरून घ्यावा. एखाद्या मुलाच्या कागदावर ‘कला शाखा’च्या बाजूनं ओळीनं कारणं येतील: इतिहास आवडतो, वाचन आहे, गणितात जीव रमत नाही. समोर एकच ओळ असेल: ‘काका नको म्हणतात.’ पोरगा फ्रँकलिनच्या नियमाप्रमाणे वजन करील आणि चारही खोडून टाकील. कागद कोरा. मग विज्ञान.

खरं तर शिकवण्यासारखा निर्णय पुढेच असतो. पूर्वी मोजक्या शहरांपुरती असलेली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५पासून राज्यभर झाली. तिच्यात दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे वर कोणतं नाव टाकायचं यात खरोखर डोकं लागतं. पण तोवर मूल आपल्या शाळेतून गेलेलं असतं, आणि फॉर्म सायबर कॅफेवाला भरतो.

एक सावधगिरी, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. तासाला घ्यायची समस्या काल्पनिकच असावी. निर्जन बेटावर कोणत्या पाच वस्तू न्याल, हे उत्तम. बेटाला मुख्याध्यापक नसतात. चुकूनही ‘मधल्या सुट्टीत नळावर गर्दी का होते?’ असं विचारू नका. विचारायचा अवकाश, सातवीतली पोरं घडाघडा सांगतील की चारपैकी दोन तोट्या बंद आहेत, त्यातल्या एकीत लाकडी खुंटी ठोकलीय, आणि पाचवी ते दहावीची सुट्टी एकदमच होते. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी उभी राहील: “सर, पाचवी-सहावीला पाच मिनिटं आधी सोडलं तर?”

उपाय बिनखर्चाचा आहे आणि लागू पडणारा आहे. पंचाईत तीच. घंटा मुख्याध्यापकांची, वेळापत्रक पर्यवेक्षकांचं, तोटी संस्थेची. तुम्ही “छान!” म्हणा आणि ताबडतोब बेटाकडे वळा.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी ‘विषय: नळाबाबत’ असा, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज ऑफिसात पोचला, तर तुम्हाला बोलावून विचारतील, “हे यांना कोणी शिकवलं?” जाताना टाचणवही बरोबर नेऊ नका.