आधी फरशी पुसून दाखवा

काळी गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये कोणी अडवत नाही. पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देतात, पेढा भरवतात, फोटो काढतात आणि हसतमुखाने निरोप देतात. पुढे काय वाढून ठेवलंय ते गाडीमालकाला कळतं दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. ऑनलाइन मागवलेली स्प्रे सीलंटची बाटली त्याने मोठ्या श्रद्धेने बॉनेटवर फवारलेली असते, फडकं फिरवून फिरवून खांदा भरून आलेला असतो आणि तिरप्या उन्हात बॉनेटभर फराटे उमटलेले असतात, खराट्याने अंगण झाडावं तसे. नेमके त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध आणायला खाली उतरतात. थांबतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, "पट्टे राहिलेत की हो."

प्रस्तुत मार्गदर्शनाचा मुख्य हेतू गाडीमालकाला त्या एका वाक्यापासून वाचवणं हा आहे. गाडीच्या रंगाचं संरक्षण त्यानंतर.

सुरुवात बाटलीपासून व्हावी. तिच्यावर ‘सिरॅमिक’ असं ठळक छापलेलं असतं. कपबशीशी त्याचा संबंध नाही. आत असते सिलिकाची किंवा सिलिकॉन जातीच्या पॉलिमरची थोडीशी मात्रा आणि ती वाहून नेणारा बराचसा द्रव, बहुतेक बाटल्यांत पाणीच. सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. गारगोटीतही तेच असतं. फरक एवढाच, की गारगोटी माळावर फुकट मिळते.

आता हिशेब. प्रायमरपासून वरच्या पारदर्शक क्लिअर कोटपर्यंत गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून बारीक. त्याच्यावर सीलंट बसायचं. दीड चौरस मीटरच्या बॉनेटवर तीन मिलिलिटर द्रव, म्हणजे चहाचा अर्ध्याहून थोडा जास्त चमचा, नीट पसरला तर ओल्या थराची जाडी दोन मायक्रॉन भरते. पाणी उडून गेलं की त्याचा किरकोळ अंश मागे उरतो. तो डोळ्यांना दिसणं शक्यच नाही.

मग दिसतं ते काय? दिसतं ते उरलेलं, पुसायचं राहिलेलं, नको असताना मारलेलं. सीलंट बसलं की अदृश्य होतं. फराटा हा हावरटपणाचा असतो. ही गोष्ट ज्याला पटली त्याला पुढचं वाचायची फारशी गरज नाही. पण ती सहसा पटत नाही, कारण बाटलीला घोडा असतो आणि घोडा दाबायला बोटं शिवशिवतात.

पूर्वी मेण लावायचे तेव्हा ही पंचाईत नव्हती. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळणारं कार्नोबा मेण डबीतून घ्यायचं, घासून लावायचं, वाळू द्यायचं. वाळलं की त्याची पांढुरकी साय धरायची आणि ती सगळी पुसून निघाली की काम संपलं. कुठे पुसायचं राहिलंय ते मेण स्वतःच सांगायचं. स्प्रे सीलंट ओलं असताना झक्कास चमकतं, सावलीत निर्दोष दिसतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर, आपलं खरं रूप दाखवतं.

या विद्येतलं खरं ज्ञान मराठी घरात आधीपासून आहे, फक्त ते गाडीपर्यंत पोचलेलं नाही. घावन घालणारी बाई तव्यावर तेल ओतत नाही; अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवते. तेल लागलेलं असतं, पण दिसत नाही. फरशी पुसणाऱ्या मावशी बादलीभर पाणी खोलीत ओतत नाहीत. फडकं घट्ट पिळतात, पंखा लावतात, पाठमोऱ्या दाराकडे सरकत येतात आणि दोन खोल्या झाल्या की पाणी बदलतात. जिथे फडकं नीट पिळलेलं नसतं तिथे फरशीवर फराटे उठतात. बॉनेट म्हणजे उंचावर बसवलेली, बाक असलेली, महाग फरशी. ज्याने आयुष्यात कधी फरशी पुसलेली नाही त्याने सीलंटच्या वाटेला जाण्याआधी एक हॉल पुसून दाखवावा, अशी अट बाटलीवर छापायला हरकत नाही.

मात्र तव्याचं उदाहरण एका बाबतीत उलटं घ्यायचं. तवा तापलेला लागतो, बॉनेट थंड लागतं. मे महिन्यातल्या दुपारी उन्हात उभ्या काळ्या गाडीचा पत्रा हात ठेववणार नाही इतका तापतो. त्यावर फवारा पडला की त्यातलं पाणी क्षणात उडतं आणि उरलेला ऐवज सपाट पसरायच्या आत जागच्या जागी चिकटतो. मग कितीही घासा. म्हणून मुहूर्त सकाळी सातचा किंवा सूर्यास्तानंतरचा. हाताचा पालथा पंजा पत्र्यावर ठेवून पाहावा. गार लागला तरच पुढे जावं. संध्याकाळचा मुहूर्त धरणारे एक गोष्ट हमखास विसरतात: गाडी नुकतीच बाहेरून आली असेल तर सूर्य मावळला तरी इंजिन मावळलेलं नसतं. अशा वेळी डिकीपासून सुरुवात करावी, मग दारं, मग टप, आणि बॉनेट शेवटी.

गाडी धुतलेली असावी, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. सोसायटीत पहाटे एक मुलगा येतो आणि एका बादलीत बारा गाड्या पुसतो. बाराव्या गाडीवर आधीच्या अकरांची माती असते. पहिली गाडी कुणाची यावरून सोसायट्यांत मतभेद झाल्याचं ऐकिवात नाही, पण व्हायला हवेत. त्या मातीवर सीलंट मारून घासणं म्हणजे पॉलिश पेपरने गाडी पुसणं. सीलंट लावायच्या दिवशी तरी गाडी स्वतः, भरपूर पाण्याने, शाम्पूने धुवावी आणि पूर्ण कोरडी करावी. आरशांच्या खाचांतून, दारांच्या मुठींमागून आणि नंबरप्लेटच्या वरून पाणी ओघळत राहतं. अर्धं दार चमकवून झाल्यावर ते नेमकं खाली येतं. पाच मिनिटं थांबावं, दारं उघडून बंद करावीत, पुन्हा पुसावं.

आणि पाणी कुठलं? उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या सोसायट्यांना हा प्रश्न कळेल. बोअरचं पाणी म्हणजे बहुतेक वेळा शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, जडतेची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तेवढं पोटाला चालतं. काळ्या बॉनेटला चालत नाही. थेंब वाळला की कॅल्शियमचं पांढरं कडं मागे राहतं आणि गाडीमालक बिचाऱ्या सीलंटला शिव्या देतो. दोष कुणाचा ते ओळखायची खूण सोपी आहे. बोटाने हलका फराटा ओढून पाहावा. डाग सरकला, पसरला, तर ते जास्त झालेलं सीलंट. जागचा हलला नाही आणि आकार थेंबासारखा गोल असेल, तर ते पाणी. पाण्याच्या डागावर पातळ केलेलं व्हिनेगर लावून लगेच धुवावं. त्यावर आणखी सीलंट मारणं म्हणजे तो डाग फ्रेम करून ठेवणं.

फडक्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळी बाजी तिथे फिरते. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म धाग्यांचं सुएडसारखं कापड तयार केलं. आज चौकात सिग्नलला विकायला येणारं मायक्रोफायबर हे त्याच विद्येचं पुढचं, स्वस्त झालेलं रूप. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड मिळून केलेला हा धागा केसाहून कित्येक पट बारीक असतो आणि त्याच्या फटींत द्रव उचलला जातो. परंपरागत पिवळं फडकं तसं करत नाही. ते द्रव उचलत नाही, इकडून तिकडे नेऊन पोचवतं. जुन्या बनियनला घरात प्रतिष्ठा असली तरी तिलाही या कामातून निवृत्त करावं. तिचे धागे सुटतात आणि सीलंटखाली कायमचे राहायला येतात.

मायक्रोफायबरची फडकी दोन लागतात. एक पसरायचं, एक शेवटचा हात फिरवायचं. दोन्ही चौघडी घालून घ्यावीत, म्हणजे एका फडक्याच्या आठ बाजू मिळतात. एक ओलसर झाली की दुसरी काढावी. लोक एकाच बाजूने अख्खी गाडी पुसतात. दुसरं दार होईपर्यंत ती बाजू भिजून चिंब झालेली असते आणि त्यानंतर ती पुसत नसते, लिंपत असते. ही फडकी घरच्या धुण्यात टॉवेलांबरोबर टाकू नयेत आणि त्यांना कपडे मऊ करणारं सॉफ्टनर दाखवूही नये. सॉफ्टनरचा लेप धाग्यांवर बसतो आणि मग फडकं जिथे फिरेल तिथे मऊसूत फराटा काढतं.

एवढी सिद्धता झाल्यावर प्रत्यक्ष कृती अगदी थोडकी आहे. बाटली हलवावी. एका वेळी एकच भाग घ्यावा: अर्धं बॉनेट, एक दार, एक मडगार्ड. दोन फवारे मारावेत आणि शक्यतो पत्र्यावर न मारता फडक्यावर मारावेत. आधी आडवं, मग उभं पसरावं. गोल गोल फिरवू नये. गोल फिरवण्याने खूप काम चालल्याचा भास होतो, तेवढाच. लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने, हात न दाबता, पुसून घ्यावं. मोबाइलचा टॉर्च लावून तिरक्या नजरेने पाहावं आणि मगच पुढच्या भागाला हात लावावा. आख्खी गाडी आधी फवारून घ्यावी आणि मग निवांत पुसत बसावं ही कल्पना फार जणांना सुचते. ती सुचली की बाटली खाली ठेवून चहा प्यावा.

एका रविवारी असाच एक उत्साही गृहस्थ बॉनेटवर सातवा-आठवा फवारा मारत असताना कामाला निघालेल्या मावशी थबकल्या.

"दादा, किती ओलं करताय? पुसणार कोण मग ते?"

"मावशी, हे सिरॅमिक आहे."

"असंल. पण फडकं तर कोरडं घ्या की."

गृहस्थाने फडकं बदललं आणि निम्मे फराटे जागच्या जागी गेले. उरलेल्यांसाठी उपायही सोपा आहे: त्याच जागी एक हलका, जेमतेम फवारा, म्हणजे वाळलेला थर पुन्हा ओला होतो, आणि ताबडतोब कोरडं पुसणं. किंवा नुसतं किंचित दमट फडकं, पाठोपाठ कोरडं. वाळल्या फराट्यावर कोरड्या फडक्याने जोर काढू नये. त्याने फराटा जातो आणि बारीक चरे येतात, आणि चऱ्यांवर काका आणखी बोलतात.

हे सगळं देशावरच्या कोरड्या हवेत ठीक. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तिथे उलटाच छळ. बॉनेट गार असतं, पण पाणी उडायलाच तयार नसतं, फडकीही सर्द. अशा वेळी फवारे निम्मे करावेत, फडकी दुप्पट घ्यावीत आणि जमल्यास काम ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलावं.

काही जागा वर्ज्य आहेत आणि इथे थट्टा नाही. ब्रेकच्या डिस्कवर फवारा उडता कामा नये. चाकं करायची तर फडक्यावर घेऊन करावीत. स्टिअरिंग आणि पेडल यांना चमक नको, पकड हवी. समोरच्या काचेसाठी वेगळी द्रव्यं मिळतात. रंगाचं सीलंट तिथे मारलं की पहिल्या पावसात, रात्री, घाटात, वायपर काचेवर धूसर पडदा ओढत बसतो.

मग मिळतं काय? थेंब. पावसात बॉनेटवर पाण्याचे टपोरे, गोल थेंब उभे राहतात आणि गाडीमालक छत्री धरून त्यांचे फोटो काढतो. हा चमत्कार अळवाच्या पानाला जन्मजात येतो. कमळाच्या पानावरून पाणी का घरंगळतं याचा खुलासा विल्हेल्म बार्टलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९९७ च्या त्यांच्या निबंधात केला: पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचे कण. तिथे थेंबाचा स्पर्शकोन १५० अंशांच्या पुढे जातो. सीलंट लावलेल्या गाडीवर तो शंभरच्या आसपास राहतो. म्हणजे पानावरून थेंब पळतो, गाडीवर पुष्कळदा नुसता बसतो. आणि बसला, वर ऊन आलं, की वाळतो. मेहनतीने सीलंट लावलेल्या गाडीवर बोअरच्या पाण्याचा पाइप मारून ती तशीच सोडली, तर पूर्वी जिथे सरसकट मळकट छटा यायची तिथे आता रेखीव ठिपके येतात. मराठीत क्षणभंगुर गोष्टीला अळवावरचं पाणी म्हणतात. बाटलीवर मात्र ‘सहा महिने’ लिहिलेलं असतं.

त्या सहा महिन्यांत कधीतरी दसरा येतो. झेंडूचा हार ग्रिलला तारेने बांधला जातो आणि आई ओल्या कुंकवाने बॉनेटच्या मधोमध, अगदी जिथे एकही फराटा राहिलेला नाही तिथे, स्वस्तिक काढते. या प्रसंगी कोणत्याही मार्गदर्शनाचा उपयोग नाही. शहाण्याने हार तारेऐवजी सुतळीने बांधावा आणि स्वस्तिकाबद्दल अवाक्षर काढू नये. हळदीचा डाग उन्हाने उडतो. कुंकवाचा भरवसा देता येत नाही.

तेव्हा काळ्या गाडीच्या मालकांना एवढीच विनंती, की रविवारी दहाच्या उन्हात हे काम काढू नका. सातला उठणं जमणार नसेल तर पुढची गाडी पांढरी घ्या. देशात सर्वाधिक खपणारा रंग तोच आहे, आणि त्याच्यावरचे फराटे काकांनाही दिसत नाहीत.