नातजावयाची पेन्शन

ती. आजीस,


परवा फोनवर तू काय विचारलंस, तर "पेन्शन कधी लागायची?" इथली थंडी नाही, पतवंडाचे दात नाहीत, थेट पेन्शन! अपशिंग्यासारख्या फौजी गावात जन्म गेलेल्या बाईला दुसरं सुचणार तरी काय? म्हणून सगळा हिशोब लिहूनच पाठवते. पगाराचा आकडा मात्र घालत नाही, कारण पत्र काकू वाचून दाखवणार.

इथे अमेरिकन लष्करात पेन्शन २० वर्षांनी. पूर्वी मूळ पगाराच्या निम्मी मिळायची. २०१८ पासूनच्या योजनेत ४० टक्क्यांच्या आसपास. त्याची भरपाई म्हणून बचत फंड आहे. आपण मूळ पगाराचे ५ टक्के टाकले की सरकारही तेवढेच टाकतं. तुझा नातजावई म्हणाला होता, "बघू पुढं." मी बघितलं नाही, फॉर्म भरायला लावला.

बाबांसाठी एक बातमी, पण जपून सांग. मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त मिळावा म्हणून ते बँका पालथ्या घालतात. इथे सैनिकांसाठी एक ठेव आहे: १०,००० डॉलरपर्यंत, वर्षाला १० टक्के व्याज. अट एकच, ठेवीदार युद्धक्षेत्रात तैनात असावा. अट आधी सांग. व्याजदर आधी ऐकला तर ते पुढचं ऐकणार नाहीत.

नवरा हुकमावरून ३० दिवसांहून जास्त लांब राहिला की घरी वेगळा भत्ता येतो. मी त्याला विरहभत्ता म्हणते. तो मन रमवायला असेल असं वाटलं होतं, पण तो जातो प्लंबरकडे. हे निघाले की त्याच आठवड्यात घरात काहीतरी मोडतं. पलटणीतल्या सगळ्या बायका हेच सांगतात. आजोबा सरहद्दीवर गेले की म्हैस आटायची, असं तूही म्हणायचीस. तेव्हा मी हसले होते.

कॅन्टीन इथेही आहे, त्याला कमिसरी म्हणतात. माल खरेदीच्या भावात आणि वर ५ टक्के अधिभार. पिशव्या भरून गाडीत ठेवणाऱ्यांना पगार नसतो, ते बक्षिशीवरच काम करतात. म्हणून वाचलेले पैसे मी पार्किंगमध्ये वाटून येते. आपल्या कॅन्टीनसारखा रमला कोटा नाही. पण रमच्या बाटल्यांवर विहीर खणून देणारी माणसंही इथे नाहीत.

आता माझ्या नोकरीचं. टेक्सासात मी शिक्षिका होते. बदलीचा हुकूम आला आणि ऐन शाळेच्या दिवसांत उत्तर कॅरोलायनात, फोर्ट ब्रॅगला आलो. (या तळाचं नाव २०२३ मध्ये फोर्ट लिबर्टी झालं आणि २०२५ मध्ये पुन्हा ब्रॅग. अर्जावर पत्ता पेन्सिलीने लिहावा म्हणते.) पूर्वी प्रत्येक राज्यात नवा परवाना काढावा लागे. २०२३ च्या जानेवारीत कायदा झाला आणि वकिली सोडून बहुतेक व्यवसायांचा जुना परवाना नव्या राज्यात चालू लागला. नवा काढावाच लागला तर लष्कर १,००० डॉलरपर्यंत खर्च देतं. कायदा छान आहे. फक्त ज्या बाईंनी माझा अर्ज घेतला, त्यांना तो माझ्याकडूनच कळला. नोकरीच्या मुलाखतीतल्या बाई गोड हसून विचारतात, "इथे किती वर्षं आहात?" मी म्हणते, "पेंटॅगॉनला विचारून सांगते." त्या हसतात आणि नोकरी दुसरीला देतात. लष्कराच्या पाहणीत नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या सैनिकांच्या बायकांपैकी साधारण पाचातली एक रिकामीच असते. मी त्या पाचवीत आहे.

तरी बसून नाही. सैनिकांच्या बायकांना शिकायला ४,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. त्यातून हिशेबनिसाचा कोर्स धरलाय. वह्या लोकांच्या, कॉम्प्युटर माझा. बदली कुठंही करा म्हणावं! आणि कमावलं तरी करासाठी मला नवऱ्याचंच राज्य धरता येतं. म्हणजे राहायला उत्तर कॅरोलायनात, करापुरती टेक्सासची. तिथे राज्याचा आयकरच नाही. पुण्यात राहून रेशनकार्ड साताऱ्याचं ठेवणाऱ्या आपल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

दवाखाना फुकट आहे. पण कुठल्याही खिडकीवर नाव सांगितलं की विचारतात, नवऱ्याच्या नंबराचे शेवटचे चार आकडे? माझ्या स्वतःच्या डोकेदुखीलासुद्धा त्याचेच आकडे लागतात. त्याला माझा वाढदिवस आठवत नाही. मला त्याचा नंबर झोपेत पाठ आहे.

राहिली त्याच्या शिक्षणाची सवलत. सहा वर्षं नोकरी झाल्यावर, आणखी चार वर्षं राहायचं लिहून दिलं की ती बायकोच्या किंवा मुलाच्या नावे करता येते. मी मागितली. हे म्हणतात, पोरासाठी ठेवू. पोर अजून पाटीवर रेघोट्या मारतंय. तू पणतवाचीच बाजू घेणार हे मला माहीत आहे, म्हणून तुझं मत मागत नाही.

तुझा पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. दादाला सांग. त्या वेळी मात्र क्षणभर बोलू नकोस, फोटो हलतो.

तुझी,
ताई