माशांका कान आसतत

देवबागला कायाकवरून मासेमारी शिकायला गेलात की बाबलकाका भेटणारच. नाव वेगळं असेल, इसम हाच. अंगात कुठल्याशा पडलेल्या उमेदवाराचा टी-शर्ट, तुमच्या लाइफ जॅकेटचे बंद करकचून आवळलेले, स्वतःचे मोकळे, आणि पहिला धडा, "साहेबानु, गप रवा. माशांका कान आसतत."

एवढं बजावून काका स्वतः सुरू होतात. कर्ली नदीच्या मुखाशी पोचेपर्यंत चुलतभावाने बांध कसा कोरला, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं चढली, वकिलाने तारखा घेऊन कसं लुटलं, हे सगळं पलीकडे भोगव्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मी मागे वळून विचारावं, "मग निकाल काय लागला?" की लगेच ओठांवर बोट. "गप रवा! कान आसतत!" इतक्यात खिशातला मोबाइल भजन म्हणू लागतो. काका तो उचलून नारळ कोणी पाडले याची चौकशी करतात. देवबागच्या माशांना फक्त गिऱ्हाइकाचा आवाज ऐकू येत असावा.

शिकवण अशी मध्येमध्ये सांडते. सुकतीचं पाणी बाहेर ओढतं आणि समोरून वारा असला की मुखावर लाटा उभ्या राहतात, तेव्हा तिकडे फिरकायचं नाही. परतायचं ते भरतीबरोबर. मासा ओढेल तिकडे झुकायचं नाही, कायाकला वळू द्यायचं. शिंगाळ्याचा काटा पकडीने मोडल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. काकांची स्वतःची दोरी बाटलीला गुंडाळलेली, तिचा एक वेढा पायाच्या अंगठ्याला. अंगठा थरथरला की वाक्य न तोडता तांबोशी वर येते आणि चुलतभाऊ पुढे चालू.

वैतागून एकदा नीट पाहिलं. काका दटावतात ते मी बोललो म्हणून नाही. वळताना माझं वल्हं कायाकच्या कडेवर आपटतं म्हणून. हवेतलं बोलणं बहुतेक सगळं पाण्याच्या पृष्ठभागावरूनच माघारी फिरतं. कायाकवरचा ठोका मात्र थेट पाण्यात उतरतो, आणि तिथे आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. म्हणजे काकांचा अख्खा दावा माशांच्या दृष्टीने निरुपद्रवी. हे सरळ सांगायला काय झालं होतं? खडूस माणूस!

अंधार पडता पडता किनाऱ्याला लागलो, तर क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड, एलईडीवाल्या बोटींचा. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्येच बंदी घातली आहे. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, तेही कागदावर शाबूत आहेत. काकांच्या वडिलांची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. सगळी वाडी दोरीला लागायची, प्रत्येकाला वाटा मिळायचा.

"तक्रार नाही केलीत?"

"अर्ज दिलो."

"मग?"

"तारीख गावली."

अर्जाची घडी पडलेली प्रत त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवली. खाली दोन सह्या होत्या. पहिली काकांची, दुसरी बांध कोरणाऱ्या चुलतभावाची.