'चे'चा हिशेब

प्रभातफेरी आटोपून चहाच्या टेबलाभोवती स्थानापन्न होणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या आठवड्यात ८ ÷ २(२+२) या कोड्यावरून जे वाग्युद्ध पेटले, त्यात सहा कप चहा निवला आणि एका सेवानिवृत्त अमलदारांचा रक्तदाब चढला. उत्तर १६ आहे असे एका पक्षाचे म्हणणे. ते १ आहे असा शालेय 'कंचेभागुबेव' मंत्राच्या उपासकांचा निर्वाळा. कंसाला चिकटून बसलेला तो २ साधा गुणाकार समजावा की 'चे' समजावा, एवढीच काय ती तक्रार. 'चे' मानल्यास आठाला आठाने भागायचे, न मानल्यास आठाच्या निम्म्याला चाराने गुणायचे. त्या एका 'चे'पायी सुशिक्षित माणसे दीड तास भांडली.

मग विषय सरकारी दवाखान्यांवर घसरला. "फुकट्यांच्या औषधपाण्यासाठी मी मिळकतीच्या चार टक्के उपकर भरतो," अशी गर्जना सोळावाल्यांनी केली आणि एकवाल्यांनीही माना डोलावल्या. इतका वेळ 'चे'साठी प्राण पणाला लावणाऱ्या त्या गणितज्ञांपैकी एकानेही विचारले नाही, की चार टक्के खरे, पण कशाचे? उपकर मिळकतीवर नसून आयकरावर आहे; ज्याचा कर एक लाख, त्याचा उपकर चार हजार, आणि त्यात आरोग्याच्या जोडीला शिक्षणही आले. म्हणजे जिथे 'चे'वाचून काही अडत नव्हते तिथे ते लढले, आणि जिथे सारा जमाखर्च त्याच्यावर लटकलेला, तिथे ते चहाबरोबर गिळून मोकळे झाले.

आता फुकट्यांविषयी. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत केसपेपर हातात धरून पहाटेपासून उभा असलेला माणूस कर भरत नाही, हा सिद्धान्त ज्या मेंदूतून निघतो, त्याला साबणाच्या वडीवरचा, चपलेवरचा आणि मोबाईलच्या रिचार्जवरचा कर कधी दिसलेलाच नसतो. कारण तो कर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो, आणि आमच्या मंडळींचे चष्मे केवळ कंस पाहण्यासाठी बनवलेले असतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याची तजवीज कागदावर केली. ती मुदत उलटून गेली आणि अडीच टक्के गाठले गेले नाहीत, पण या वजाबाकीवर कोणाचा चहा निवल्याचे ऐकिवात नाही. लाज वाटावी अशी गोष्ट आहे ही! भिंतीवर 'औषधे मोफत' असा फलक आणि त्याच्याच खाली, 'साठा नाही, बाहेरून आणा' असे म्हणून हातात सरकवलेली चिठ्ठी, हे खरे कोडे. ते सोडवायला कोणी बसत नाही, कारण त्याचे उत्तर ज्याला द्यावे लागते, तो रांगेत उभा असतो.

मागल्या महिन्यात अशाच एका रांगेत माझ्यापुढे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना तीन औषधांची चिठ्ठी मिळाली. समोरच्या दुकानातून ती आणून त्यांनी बिल माझ्यापुढे धरले आणि अक्षर लागत नाही, वाचून दाखवा, म्हणाले. मी वाचले. बिलाच्या तळाशी कर लावलेला होता.