याला अर्थ नाही

तुमच्या गल्लीत ते असतीलच. तुमच्या घरातला पंखा कुरकुरला की तुमच्याआधी त्यांना ऐकू जातं. तुम्ही मिस्त्रीला फोन लावेपर्यंत ते चपला काढून स्टुलावर चढलेले असतात, आणि "खोलून बघू की" हे वाक्य संपतं तेव्हा निम्मा पंखा खोलूनही झालेला असतो. आमच्या झरीत त्यांना नाना म्हणतात.

नाना वीज खात्यात लाइनमन होते. म्हणजे खात्यानं त्यांना केव्हाच सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. शर्टाच्या खिशात इतर लोक पेन ठेवतात तिथं यांचा टेस्टर. मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, नातवाचा चार्जर असो, निदान एकच. टेस्टर लावायचा, मान दोनदा डावी-उजवी करायची आणि म्हणायचं, "अर्थ नाही."

अर्थ म्हणजे अर्थिंग, जमिनीत जाणारी तार. हे कळायला नव्या माणसाला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात बराच अनर्थ होऊन जातो. मागे आमच्या पाहुण्यांकडं लग्न होतं. मांडवामागं जनरेटर घुरघुरतोय, भटजींनी अंतरपाट धरलाय, लोकांच्या मुठीत अक्षता. एवढ्यात नाना जनरेटरच्या बाजूनं धावत आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "थांबा! याला अर्थ नाही!" नवरीचा बाप मटकन खालीच बसला. मुलाचं काहीतरी बाहेर निघालं, असं वाटून दोन आत्यांनी रडायलाही घेतलं. शेवटी नानांनी जनरेटरच्या शेजारी सळई ठोकली, तिला तार बांधली, तिच्यावर चरवीभर पाणी ओतलं आणि मगच मंगलाष्टकं सुरू झाली. मुहूर्त अकरा मिनिटांनी टळला. संसार छान चाललाय.

सप्ताहातही तेच. कीर्तनकार महाराज रंगात आले होते, माइकला हात लागला की त्यांना बारीक झटका बसत होता आणि श्रोत्यांना वाटत होतं, काय तल्लीन झालेत! नाना उठून उभे राहिले. "महाराज, अर्थ नाही." महाराजांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी निरूपणात त्यांनी भर उन्हाळ्यात इतका अर्थ सांगितला की रात्रीचे बारा वाजले. टीव्हीवर अर्थसंकल्प लागला तरी नाना सोडत नाहीत. "नुसता संकल्पच दिसतोय. अर्थ कुठाय?"

त्यांच्या परसात अर्थिंगचा खड्डा आहे. मधे लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि खडेमीठ. काकूंनी कैरीच्या लोणच्यासाठी आणलेलं मीठ एका वर्षी त्याच खड्ड्यात गेलं. माती ओली राहिली तरच करंट जमिनीत नीट उतरतो, म्हणून ऐन मे महिन्यात, प्यायच्या पाण्याची ओढाताण चालू असताना, नाना संध्याकाळी त्या खड्ड्याला पाणी घालतात. "तुळशीला तांब्याभर आन् यांच्या खड्ड्याला घागरभर," हे काकूंचं म्हणणं झरीत सगळ्यांना पाठ आहे.

तर याच मे महिन्यात माझ्या गाडीचा हॉर्न गेला.

परभणी-जिंतूर रस्त्यावर ज्यानं गाडी चालवलीय त्याला हे संकट सांगायला नको. कडबा भरून रुंद झालेले ट्रॅक्टर, रस्त्याच्या मधोमध रवंथ करणाऱ्या म्हशी, उलट्या बाजूनं येऊन आपल्यालाच डोळे वटारणारे मोटरसायकलवाले. मी आठ दिवस खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारत परभणीला शाळेत जात होतो. चौकातल्या लोकांनी मला काळीपिवळीवाला समजून थांबवलंही. भरीला डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागून राहिला. त्यावरचं चित्र पोटापुढं कलिंगड धरून बसलेल्या माणसासारखं दिसतं. ती एअरबॅगची सूचना. चालकापुढची एअरबॅग आपल्याकडं नव्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै 2019 पासून. माझी गाडी त्याआधीची, तेव्हा ती वरच्या मॉडेललाच यायची. जास्तीचे पैसे मोजून घेतलेलं ते कलिंगड आता ऐन वेळी फुगेल की नाही याची खात्री राहिली नव्हती.

नानांनी बॉनेट न उघडताच सांगितलं, "सर, अर्थ नाही."

मी हसलो. परभणीच्या गॅरेजवाल्यानं 'क्लॉक स्प्रिंग' असं नाव सांगितलं, भाग दिला, पण बसवायला दोन दिवस गाडी ठेवा म्हणाला. भाग घेऊन घरी आलो तेव्हा नाना दारातच उभे. हातात पाने, पक्कड, टॉमी.

"कामून दोन दिवस? स्टिअरिंग तर काढायचंय. खोलून बघू की."

आमच्याकडं म्हण आहे, बनी तो बनी, नाही तर परभणी. नाना ती अक्षरशः पाळतात. जमलं तर जमलं, नाही तर परभणीचं गॅरेज कुठं पळून चाललंय?

अट एकच घातली. नानांचा पुतण्या पुण्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे, त्याला व्हिडिओवर ठेवायचं. त्यानं फोन उचलला तेव्हा नाना टेस्टरचा बल्ब घेऊन स्टिअरिंगखाली शिरलेच होते.

"काका! त्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका! बल्ब बाजूला ठेवा आधी!"

"मला करंट शिकवायलास का रे?"

"काका, ती एअरबॅगची वायर आहे. बल्ब लावला तर एवढ्याशा करंटनंही ती फुटंल, तुमच्या तोंडावर. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आन् काढल्यावर लगेच नाही, दहा मिनिट थांबा."

मला वाटलं, आता नाना थांबणार थोडेच. आजवर त्यांनी कुठल्याच वस्तूला दहा मिनिटं दिलेली नाहीत. पण बॅटरी निघाली आणि नाना मुकाट्यानं ओट्यावर येऊन बसले.

"कामून थांबायचं, ते सांग," एवढंच त्यांनी विचारलं.

पुतण्यानं सांगितलं. धडक बसली की बॅटरी आधी तुटू शकते, म्हणून एअरबॅगच्या डब्यात थोडा करंट साठवून ठेवलेला असतो. बॅटरी काढली तरी तो काही मिनिटं जिवंत राहतो.

नानांनी मान हलवली. डावी-उजवी नाही, वर-खाली. मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "लाइन बंद केली म्हंजी मेली असं नसतंय, सर. परमिट घेतलं होतं आम्ही. सप्लाय बंद. जोडीदार वर चढला, मी खाली. अर्थची साखळी सायकलला अडकवलेली. तो म्हणला, दोन मिनिटाचं काम, कशाला टाकतो. मीबी नाही टाकली. आन् तिकडं लग्नघरी कोणी जनरेटर सुरू केलं. उलटा आला करंट."

मला तो मांडव आठवला, आणि जनरेटरकडून धावत आलेले नाना.

"किती वर्षं झाली, नाना?"

"घड्याळ बघा," ते म्हणाले. "दहा मिनिट झाले का?"

झाले होते. नानांनी आणखी दहा थांबवलं.

मग मात्र त्यांनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. पुढची चाकं सरळ करून घेतली. एअरबॅगचा डबा काढला आणि तोंड आभाळाकडं करून, तान्ह्या पोराला ठेवावं तसा सतरंजीवर ठेवला. आजूबाजूची पोरं हाकलली. गोटीपाना लावून मधला नट सैल केला, पण चार आटे तसेच राहू दिले. पुतण्या सांगायच्या आतच. "वर चढलेल्या माणसानं दोरी समदी सोडायची नसते." स्टिअरिंग दोन्ही हातांनी हलवत ओढलं, ते एकदम सुटलं आणि त्या नटावर अडलं. नाही तर नानांचे पुढचे दात, जे सगळे स्वतःचे आहेत, माझ्या गाडीत राहिले असते. मग नट काढायच्या आधी, स्टिअरिंग कुठल्या दात्यावर होतं त्याची खूण करायची होती. मार्कर नव्हता. काकूंच्या करंड्यातलं कुंकू आलं.

खालून निघाली ती काळी प्लास्टिकची चकती. नानांनी अर्थातच ती खोलून बघितली. आत जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली सपाट पट्टी. स्टिअरिंग फिरलं की ती उलगडते, पुन्हा गुंडाळते, त्यामुळं फिरणाऱ्या चाकातली वायर पिळून तुटत नाही. ही मात्र तुटली होती, कडेपाशी, बोटभर.

"आता सांग," नाना फोनला म्हणाले, "हॉर्न कामून वाजंना गेला?"

"काका, हॉर्नच्या रिलेला प्लस तर येतोच. बटण दाबलं की फक्त..." पोरगं थबकलं. पुढं काय येतंय ते त्याच्याही लक्षात आलं होतं. "फक्त अर्थ मिळतो. या पट्टीतून."

"मोठ्यानं बोल."

"अर्थ मिळत नव्हता, काका."

नानांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते बाहेर गेले. अर्ध्या तासानं परतले तेव्हा बसस्थानकापासून मारुतीच्या देवळापर्यंत झरीतल्या समस्त जनतेला निकाल कळलेला होता.

नवी चकती मध्यावर ठेवून बसवायची असते. कमी-जास्त फिरलेली बसली, तर पहिल्याच पूर्ण वळणाला पट्टी तुटते. ती मध्यावर राहावी म्हणून कंपनीनं तिला चिकटपट्टी लावून पाठवलेली असते. नानांनी ती 'बघू की' म्हणत आधीच काढली होती. मग ओट्यावर बसून आम्ही तिघांनी, एक जण पुण्याहून, तिचे फेरे मोजले. एका टोकाला जाऊन, दुसऱ्या टोकापर्यंत, आणि निम्मे मागे. काकू म्हणाल्या, लग्नात सात पुरतात, तुमचे संपंना गेलेत.

स्टिअरिंग बसलं, डबा बसला, बॅटरी लागली. लाल दिवा काही क्षण लागला आणि विझला. मी बटण दाबलं. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

फक्त एक झालं. मेच्या उन्हात नानांच्या घामानं कुंकवाची खूण पुसली होती आणि स्टिअरिंग एक दाता चुकून बसलं. गाडी सरळ चालते, पण सरळ चालताना चाक जरा जिंतूरकडं कलतं. पुतण्या म्हणाला, पंधरा मिनिटांचं काम आहे, पुन्हा काढून बसवा. मी अजून बसवलेलं नाही. परवा नाना शेजारी बसून परभणीला निघाले होते, तेव्हा त्यांच्याही ते नजरेला आलं. बराच वेळ त्यांनी त्या कललेल्या चाकाकडं पाहिलं, मग समोर पाहिलं, खिशातला टेस्टर चाचपला.

"स्टिअरिंग बरोबर हाये, सर," ते म्हणाले. "या रस्त्यालाच अर्थ नाही."