करंजीतला निर्मळ आनंद

आपल्या माणसांसाठी घरी करंज्या करण्यात जो आनंद आहे, तो विकत आणण्यात नाही. हे मत मांडणाऱ्यांच्या हातांना सहसा पीठ लागलेले नसते, त्यामुळे ते निःपक्षपातीही ठरते. सुके खोबरे किसा, खसखस भाजा, रवा-मैद्यात कडकडीत तुपाचे मोहन घाला, पीठ कुटा, पारी लाटा, सारण भरून कड कातण्याने कापा आणि तळणीची पाळी येईपर्यंत ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा. एका घासामागे आनंदाचे इतके टप्पे दुसरीकडे कुठे सापडणार? त्यात वाटेकरी होऊन तो कमी करू नये, म्हणूनच बाकीची मंडळी दिवाणखान्यात संयमाने बसून राहतात.

कोणी म्हणेल, कंबर धरते, कढईपाशी घाम येतो. हा आक्षेप टिकत नाही. कष्ट असते तर मजुरी ठरली असती. ज्या अर्थी मजुरी नाही, त्या अर्थी ते प्रेमच. मात्र एवढा आनंद एकाच व्यक्तीकडे साठणे समतेला धरून नाही. तेव्हा यंदा तो घरात सर्वांना सारखा वाटावा, असा ठराव मांडून पाहावा. दिवाणखान्यातून एकमुखाने उत्तर येईल, ‘कोपऱ्यावरच्या दुकानात छान मिळतात.’