चौकटराव
हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत शिरा, एक तरी चौकटराव भेटतोच. पद आर्किटेक्टचं, हातात व्हाइटबोर्डचा मार्कर.

आमच्या चौकटरावांनी लिबकर्लवर रॅपर लिहिला. लिबकर्ल ही सी भाषेतली फुकट लायब्ररी. नेटवरून काही आणायचं तर हँडल उघडा, पर्याय भरा, परफॉर्म म्हणा आणि शेवटी आठवणीनं क्लीनअप करा. ही शेवटची आठवणच माणसाला राहत नाही, म्हणून ते काम सी प्लस प्लस क्लासच्या डिस्ट्रक्टरकडे सोपवलं. कोड दोनशे ओळींचा, नेटका; त्याबद्दल तक्रार नाही. डॉक्युमेंट मात्र साठ पानी.

नव्यानं लागलेल्या मुलीनं विचारलं, "सर, डाउनलोडचं फंक्शन कुठलं?"

"ते राहू दे गं. हा हिरा बघ आधी. पोकळ की भरीव?"

यूएमएलमध्ये पोकळ हिरा म्हणजे मालक गेला तरी वस्तू मागे राहते. भरीव म्हणजे मालकाबरोबर वस्तूचंही तेरावं. मुलगी "भरीव" म्हणाली. चौकटराव इतके खूश झाले, की फंक्शनचं सांगायचं राहूनच गेलं.

टेबलावर चार लेखकांचं 1994 सालचं डिझाइन पॅटर्न्सचं पुस्तक, पानोपानी रंगीत चिठ्ठ्या. तेवीसच्या तेवीस पॅटर्न तोंडपाठ. ग्लोबल व्हेरिएबल म्हणालात तर अंगावर येतात, सिंगलटन म्हणालात तर चहा पाजतात. आपला रॅपर अ‍ॅडॅप्टर की फसाड, यावर एक अख्खी मीटिंग जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. कुणीतरी पुस्तकच उघडलं, तर 'रॅपर' हे दुसरं नाव अ‍ॅडॅप्टरलाही दिलेलं आणि डेकोरेटरलाही! आम्ही डबे काढले. चौकटरावांनी नवी आकृती काढली.

त्यांना हसणं सोपं आहे. पण एका रात्री सर्व्हर सारखा कोसळत होता, तेव्हा उत्तर सापडलं ते त्यांच्याच सीक्वेन्स डायग्राममध्ये: एकच हँडल दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचं नाही. लाल शाईत, तिरप्या बाणासकट. ते पान तोवर कुणी उघडलंच नव्हतं. दोष अर्थात पानाचा नाही.

तरीही, साध्या डाउनलोडचं चार ओळींचं उदाहरण त्या साठ पानांत आजही नाही. नव्यानं रुजू होणाऱ्यांनी सरळ टेस्टचा फोल्डर उघडावा. ते तिथे आहे.